एक माणूस जास्त

नगराध्यक्ष सफरचंदं घेऊन दारात उभे राहिले, तेव्हा आप्पा चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवत होते. पहिल्याच खेपेत ओवला. अध्यक्षांचा चेहरा जरा उतरला.

"तब्येत काय म्हणते, आप्पा?"

"ठणठणीत! का हो?"

"नाही, सहजच." अध्यक्षांनी मागे उभ्या असलेल्या कारकुनाकडे पाहिलं. कारकुनानं छताकडे पाहिलं.

आप्पा गोंधळले. ते गावातले सर्वांत म्हातारे शिंपी होते आणि आता सर्वांत म्हातारे गृहस्थही. पण एवढ्या वर्षांत अध्यक्ष सोडाच, अध्यक्षांचा ड्रायव्हरही या गल्लीत फिरकला नव्हता. या आठवड्यात मात्र रीघ लागली होती. काल डॉक्टर न बोलावता येऊन नाडी बघून गेले. "उत्तम आहे," म्हणाले आणि सुस्कारा टाकला.

"बसा. पाणी देऊ का? म्हणजे अर्धा पेला. आमच्याकडे सगळ्यांना अर्धाच."

"नको, नको."

"माझा सत्कार वगैरे ठरलाय का?"

"सत्कार..." अध्यक्ष शब्द शोधत म्हणाले. "होईल ना. सगळं गाव येईल."

कारकुनाला राहवेना. "नळासाठी सरकारी कर्ज मिळतंय, आप्पा. व्याज नावापुरतं, निम्मी रक्कम माफ. अट एकच, वस्ती दहा हजारांच्या वर नको. आपली मोजणी झाली. दहा हजार एक भरली."

"मग?"

"सोमवारी यादी बंद होते. तोवर एक माणूस कमी झाला तर..."

"हात्तिच्या! मग मी जातो की लेकीकडे. कायमचा."

"स्थलांतर केलं तर त्या घराला नळ मिळत नाही. नियम आहे." कारकुनानं हातातला कागद उलटला. "मयत झाल्यास मिळतो."

आप्पांनी ते वाक्य दोनदा मनात म्हणून पाहिलं. नियम शिकलेल्या माणसांनी केलेला होता, तेव्हा दोष आपल्याच डोक्यात असणार. मग एकदम त्यांचा चेहरा उजळला.

"अध्यक्ष, तुमचं बिऱ्हाड तर कधीच शहरात गेलंय. तिथं तुम्हाला चोवीस तास पाणी. तुमचंच नाव कापा की!"

कारकुनानं पेनाचं टोपण काढलंसुद्धा. अध्यक्षांनी त्याच्याकडे पाहिलं.

"आणि कर्जाच्या कागदावर सही कोण करणार? तुझा काका?"

टोपण परत बसलं.

"बरं, निघतो. जिवाला जपा, आप्पा," अध्यक्ष सवयीनं बोलून गेले आणि चुकीच्या घरात शिरल्यासारखे थबकले.

तेवढ्यात सून टँकरवरून आली. दोन हातांत दोन बादल्या, एक पाय किंचित ओढत. अध्यक्षांनी तिला वाट दिली.

"काय वहिनी, पाणी मिळालं?"

"भांडून मिळालं."

"बघू आता. सोमवारपर्यंत काही होतंय का."

सुनेनं मान हलवली. काय होतंय, असं काही तिनं विचारलं नाही.

ते दोघं गेले. सफरचंदं शिवणयंत्रावर राहिली.

"सूनबाई, हे नळाचं तुला ठाऊक होतं?"

"रांगेत लोक काय, काहीही बोलतात आप्पा."

"काय बोलतात?"

तिनं एक बादली पिंपात ओतली. मग दुसरी. पिंपावर झाकण ठेवलं, ते नीट बसलेलं असूनही पुन्हा बसवलं.

"तुमच्या गोळीची वेळ झाली," ती म्हणाली.

आप्पांनी गोळी जिभेवर ठेवली आणि पेल्यासाठी हात पुढे केला. पेला हातात आला तो जड लागला, थोडं पाणी बोटांवर सांडलं. त्यांनी खाली पाहिलं.

पेला काठोकाठ भरलेला होता.