काळी न झालेली बाटली

तांब्यातलं पाणी बदलण्यात हैबतरावांचा सगळीकडून फायदाच होता. भाड्याच्या खोल्या भरलेल्या राहणार होत्या. शाळा समितीच्या अध्यक्षाच्याच विहिरीचं पाणी घाण निघालं, असं गावात कोणी म्हणणार नव्हतं. शेजारी तशाच खोल्या भाड्यानं देणाऱ्या विलासच्या तोंडाला कुलूप बसणार होतं. आणि चौथीतली नात गौतमी वर्गात मान वर करून उभी राहणार होती. तोट्याच्या बाजूला काय, तर एक तांब्या पाणी. तेही जास्वंदीच्या आळ्यात जाणार, म्हणजे वाया नाहीच.

गौतमी दप्तरातली बाटली आणायला आत गेली, तेवढ्यात त्यांनी ओट्यावरचा तांब्या उचलला. तिनं आत्ताच आणलेलं विहिरीचं पाणी जास्वंदीला घातलं आणि खाटेखाली आधीच भरून ठेवलेलं फिल्टरचं पाणी तांब्यात ओतलं. गौतमी बाहेर आली. जीभ दाताखाली धरून, एक थेंबही न सांडता, तिनं खुणेपर्यंत बाटली भरली.

बाटली बोटाएवढी होती. आत आधीच औषध घातलेलं. शारदाबाईंनी वर्गातल्या सगळ्या पोरांना एकेक दिली होती. आपल्या वस्तीचं पिण्याचं पाणी भरा, उबेत ठेवा, उद्या घेऊन या. काळं पडलं तर त्यात मैला मिसळतोय असं समजायचं. मग तो नळ बंद, आणि पंचायतीला खबर.

हैबतरावांना बाटलीची गरजच नव्हती. हिंजवडीत कामाला येणाऱ्यांसाठी त्यांनी विहिरीलगत खोल्या बांधल्या, तेव्हा संडासाचा खड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला घेतला होता. गवंडी म्हणाला होता, "आबा, हितं नगं." आबा म्हणाले होते, "खणायचं काम तुजं, इचार करायचं माजं."

तसे ते दुष्ट नव्हते. घरचे फिल्टरचं पीत होते. भाडेकरी विहिरीचं पाणी उकळून पितात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. मग कुणाचं काय बिघडणार?

दुसऱ्या दिवशी विलासच्या पोराची, साहिलची, बाटली डांबरासारखी काळी निघाली. गौतमीची जशीच्या तशी. विलासचा नळ बंद झाला. भाडेकऱ्यांच्या शिव्या खात तो ब्लीचिंग पावडरची बादली घेऊन आपल्या विहिरीवर निघाला, तेव्हा हैबतरावांनी ओट्यावरून हाळी दिली, "काय विलासराव, ह्या वयात चौथी नापास झाला म्हनं!"

विलासनं मान खाली घातली. हैबतराव पोट धरून हसले.

गौतमीला शाळेत आरोग्यदूताचा बिल्ला मिळाला, आणि हिरव्या कागदाचं एक पान. ते तिनं खोल्यांच्या नळावर चिकटवलं. मग शेवटच्या खोलीत डोकावली. तिथं परभणीकडची रत्नाबाई राहायची. एका कंपनीत झाडूपोछा करायची. तिची पिंकी गौतमीच्याच बाकावर बसायची. गॅसवर पातेलं होतं.

"काकू, आता कशाला उकळतीया? आपलं पाणी पास झालंय. हिरवं पान बगा की!"

"बाईनं तपासलं का?"

"व्हय तर. मी सोता भरून नेलं हुतं."

रत्नाबाईनं गॅस बंद केला. "बाईनं तपासलं म्हनल्यावर बरंच झालं माय. तेवढाच गॅस पुरवठ्याला येईल." पिंकी पेला घेऊन नळाकडे पळाली. गटागटा प्याली.

"उकळल्याली चवच न्हाई याला," ती म्हणाली. "लई ग्वाड हाय."

ओट्यावर हैबतरावांना सगळं ऐकू आलं. एक शब्द पुरे झाला असता. पण तो बोलायचा तर तांब्याचं सांगावं लागणार होतं, तेही नातीसमोर. उद्या बघू, असं मनाशी म्हणून त्यांनी तंबाखू मळायला घेतली.

पुढच्याच आठवड्यात खोल्यांमध्ये उलट्या-जुलाब सुरू झाले. मोठी माणसं सलाइनवर सावरली. पिंकी सावरली नाही. विलासच्या खोल्यांत कुणाला साधे ढाळसुद्धा लागले नाहीत.

रत्नाबाईनं खोलीची चावी ओट्यावर आणून ठेवली. भांडली नाही, रडलीही नाही. "बाईनं तपासलं होतं की हो पानी," एवढंच म्हणाली, आणि गाठोडं उचलून चालू लागली.

गौतमीनं शारदाबाईंकडून आणखी एक बाटली मागून आणली. या वेळी थेट नळाखाली धरून भरली, आपल्या स्वेटरात गुंडाळली आणि भाताच्या कणगीत खोल पुरून ठेवली. दुसऱ्या दिवशी काढली आणि आजोबांच्या पुढ्यात ठेवली. काळीकुट्ट.

"आबा, माजंच चुकलं." तिनं फ्रॉकवरचा बिल्ला काढून बाटलीशेजारी ठेवला. "बाई म्हनल्या हुत्या, उबेत ठेवा. मी रातभर खिडकीत ठिवली. तिला गारठा लागला, म्हून ती काळी झाली न्हाई. आन् मीच काकूला गॅस बंद करायला लावला. व्हय ना आबा? माज्यामुळंच ना?"

हैबतरावांनी बाटलीकडे पाहिलं. समोर जास्वंद चांगली फुलली होती. तोंडातली तंबाखू गिळावी की थुंकावी ते त्यांना कळेना. मग त्यांनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला.

"आसंल, पोरी," ते म्हणाले.

खड्डा गुपचूप दुसरीकडे हलला. रत्नाबाईच्या खोलीत नवं बिऱ्हाड आलं. अध्यक्षपद शाबूत राहिलं. पिंकीनं जे द्यायचं ते एकदाच दिलं, गौतमी जन्मभर देत राहील. हैबतरावांचं मात्र अजूनही तेवढंच गेलंय, एक तांब्या पाणी.