पोटावर चाललेली गिरणी

"वस्ताद, सांगून तुम्हाला खरं वाटायचं नाही," वजनकाट्यावर उभा राहत सर्जेराव म्हणाला, "पण आज मी अख्खी पिठाची गिरणी पोटावर चालवली."

सर्जेरावच्या दंडाला वायर जोडली की अंगातल्या चरबीची वीज व्हायची. त्यामुळे वीज गेली की गल्ली या पैलवानालाच हाक मारायची, आणि तोही धावायचा. खालच्या गटात उतरायला त्याला दोन किलो झडवायचे होते, नाहीतर यंदाचं मैदान हुकणार होतं. पण महिनाभर गल्ली उजळूनही मेला काटा खाली यायचं नाव घेईना. आज तर तो पावशेर वरच सरकला. सर्जेरावने चिडून काट्याला लाथ घातली.

"काट्याला कशाला मारतोस? वीज देणाऱ्याला तोंड गोड केल्याशिवाय कुणी दारातून सोडत नाही आपल्यात," वस्ताद म्हणाले. "काय खाल्लंस?"

"पाण्याचा घोटसुद्धा नाही. गिरणीवाल्या काकू ताट घेऊन कोपऱ्यापर्यंत मागे आल्या. मी वळूनही बघितलं नाही."

वस्तादांनी त्याच्या मिशीवरून बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं.

"साजूक तूप, वेलदोडा. शिरा हाणून आलायस, सर्ज्या."