चालणारे लोक

खाणीसाठी बंजाऱ्यांचा तांडा उठणार होता. लोकांची समजूत घालायला नेते आले, तेव्हा बसंतीबाईनं भर सभेत सांगून टाकलं, “भाऊ, काईबी द्या, मी माहं घर सोडत नाई.”

भाऊ रागावले नाहीत. व्यासपीठावरून उतरून तिच्या पाया पडले. “माय, ते राहू दे. बैलांवर मीठ लादून मुलूखभर फिरणाऱ्या तुमच्या पूर्वजांचं एखादं गाणं येते का तुले?”

असं तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. भाऊंनी स्वतः माइक धरला आणि आजीनं शिकवलेलं गाणं ती डोळे मिटून गायली. सगळा तांडा हरखून ऐकत राहिला.

मग भाऊ म्हणाले, “ऐकलंत? हे चालणारे लोक आहेत. यांना एका जागी कोंडलं, हाच खरा अन्याय! तांडा कोणी उठवून नाई राह्यलं, तांडा आपल्या वाटेनं निघून राह्यला!”

टाळ्या थांबेनात.

पंधरवड्यानं घरं पाडायला जेसीबी आला. सोबतच्या भोंग्यावर सभेत रेकॉर्ड केलेलं बसंतीबाईचंच गाणं वाजत होतं आणि भांडी बांधता बांधता बाया ते गुणगुणत होत्या.

बाज उचलताना तिच्या नवऱ्यानं, पूनमसिंगनं विचारलं, “तू तं नाई म्हणायले उभी झाल्ती न?”

“हो,” ती म्हणाली. “पण आवाज माहाच हाय.”