सगळ्यांच्या मागचा

सगळे धावू लागले तेव्हा कय्यूम मुद्दाम बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत बसला.

दौडीत दीडशे माणसं होती. त्यांच्या पाठीवरचे कापडी नंबर त्यानंच शिवले होते, चंद्रपूरच्या दुकानात, आठवडाभर बसून. स्वतःसाठी मात्र शिवला नव्हता. नंबर असला की माणूस मोजला जातो, आणि कमी भरला की शोधला जातो.

मोहर्लीच्या शाळेतले गुणवंतराव गुरुजी भोंग्यातून ओरडत होते, "धावा, हसा! मागच्या साली धावलेला एकबी मानूस तोंड पाडून घरी गेला नाई!"

कय्यूमला हसू आलं नाही. बायको, तबस्सुम, गेली त्या पावसाळ्यापासून त्याला रडूही आलं नव्हतं. सुई बोटात शिरली तरी रक्त दिसल्यावर कळायचं. दुकानाची किल्ली त्यानं कालच पुतणीला, अदीबाला, देऊन टाकली होती. बांबूच्या वळणावर रस्ता सोडायचा, आत चालत राहायचं, परत यायचं नाही. एवढंच ठरलं होतं.

अडचण एकच होती. जंगल वाघाचं. म्हणून या दौडीत रिवाज होता, सगळ्यांच्या मागून खाकीतला एक चौकीदार चालायचा. त्याच्या पाठीवर नंबर नसायचा, आणि शेवटचा गडी पुढे घातल्याशिवाय तो शाळेपाशी परतायचा नाही.

नाडी बांधून कय्यूम उठला, तर तो मागं उभाच होता. खाकी सदरा, पाठ कोरी, पायात टायरच्या चपला. कय्यूमनं आपला सदरा खाली ओढला. तोही खाकीच होता, गणवेश शिवून उरलेल्या कापडाचा. तबस्सुमनं हट्टानं शिवायला लावला होता.

"चला ना भाऊ," तो माणूस म्हणाला.

"तुमी व्हा पुढं. मले दम लागते."

"मले कुठी घाई हाय?"

दोघं बरोबरीनं चालू लागले. त्याचं नाव सुकलू.

"घरी कोन हाय?" काहीतरी बोलायचं म्हणून कय्यूमनं विचारलं.

"बायको होती, बुधरी. उन्हाळ्यात मोहा वेचाले गेली, आलीच नाई." बरंच चालून झाल्यावर तो म्हणाला, "कोंबड्या होत्या सहा. त्या काल शेजारच्या बिरजूले देऊन टाकल्या."

"काऊन?"

"दाने कोन टाकीन?"

कय्यूमनं मान हलवली. नोकरीचा माणूस, दिवसभर जंगलात. कोंबड्यांकडे कोण बघणार!

बांबूचं वळण आलं. कय्यूम थांबला. सुकलूही थांबला.

"मी बसतो थोडा. तुमी व्हा पुढं," कय्यूम म्हणाला.

"मीच बसनार होतो इथी. तुमी व्हा."

"अरे, तुमाले काय होते? जा ना!"

"तुमीच जा ना! लय जिद्दी मानूस हाय राजा."

दोघं समोरासमोरच्या दगडांवर बसले. सुकलूकडे एकच बिडी होती. ती आळीपाळीनं ओढली. पुढच्या माणसांचा गलका विरून गेला. ऊन बांबूच्या शेंड्यांवरून खाली उतरलं, त्यांच्या पायांपर्यंत आलं. कोणी हललं नाही.

कय्यूमला राग आला. सहा महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी आलं. हा उठणार नाही. कामच आहे त्याचं. आपण बसून राहिलो तर हाही बसेल, उपाशी.

"सकाळपासून काई खाल्लं का?"

"नाई. तुमी?"

"मीबी नाई." कय्यूम उठला. "चला. तुमच्या पोटासाठी चलतो."

सुकलू चपला झटकत उठला. "चला बा. तुमी काई मले सोडनार नाई."

शाळेपाशी एकही माणूस घरी गेला नव्हता. शेवटचा येईपर्यंत जायचं नाही, हाही रिवाजच. दोघं दिसताच डफडं वाजू लागलं, बाया टाळ्या पिटू लागल्या. "आले रे, म्हातारे आले!" कोणीतरी ओरडलं. चुन्याच्या रेघेवर "तुमी पयले", "नाई, तुमी पयले" असं झालं आणि लोक पोट धरून हसले. शेवटी दोघांनी एकदमच पाय टाकला.

गुणवंतराव धावत आले.

"गुरुजी," कय्यूम हळूच म्हणाला, "या चौकीदाराले पयले जेवाले द्या. माह्यापायी उपाशी राह्यला."

"कोनता चौकीदार? चौकीदारकी जंगूची, त्याले ताप भरला. दौड सुटल्यावर निरोप आला. आज मांगं कोनीच नोहतं."

कय्यूमनं वळून पाहिलं. पाणी वाटणाऱ्या बायनाबाई सुकलूपुढे पाण्याचा गिलास धरून उभ्या होत्या, आणि तो हातानंच गिलास परत सारत होता.

"मले नोको, बाई. पयले त्या चौकीदारभाऊले द्या. माह्यापायी बसून राह्यला बिचारा."