जावईबंद जीप

“गिअरचा दांडा काढायचा न्हाई,” आकाराम सुभेदार म्हणाले. “हाय तिथंच दिसला पायजे. फकस्त त्यानं काय व्हता कामा नये.”

कुपवाडच्या शेडमध्ये जीपखाली झोपलेला जैनुद्दीन मिस्त्री सरपटत बाहेर आला. उसाच्या ट्रॉल्यांपासून वरातीच्या बग्गीपर्यंत सगळं त्याच्या हाताखालून गेलं होतं. पण चांगली गाडी बिघडवून घ्यायला कोणी साताऱ्याहून इथवर यावं, हे पहिल्यांदाच घडत होतं.

“चोराचं भ्या वाटतंय का काय, सुभेदारसाब?”

“चोर परवडला. चोराला हाणता येतंय. जावयाला काय करायचं?”

जैनुद्दीन हात पुसायचा थांबला. त्यालाही तीन जावई होते. त्याने सरळ पाना उचलला.

जीप म्हणजे सुभेदारांचा जीव की प्राण. सगळी नोकरी सरहद्दीवर काढून घरी आल्यावर त्यांनी ती लिलावात घेतली होती, चारही चाकांनी ओढणारी. उजाडलं की जुने फौजी गाडीत भरायचे, एखादा घाट नाहीतर चिखलाची वाट धरायची आणि दिवेलागणीला परतायचं, असा त्यांचा नेम.

त्यात गेलं वर्षभर माशी शिंकली होती. शिराळ्याचे जावई, उदयसिंह, महिन्या-पंधरा दिवसांनी दारात हजर. कधी रानात चिखल, कधी कुणाचं बारसं. “मामा, दोन दिवस गाडी द्या की.” जावयाला नाही म्हणायची रीत सुभेदारांच्या सात पिढ्यांत नव्हती. वर बायको, बनुबाई, स्वयंपाकघरातून ओरडायची, “आवं, द्या की! पोरीच्या सासरचं मानूस हाय.” सुभेदार हसून किल्ली द्यायचे आणि न्हाणीत जाऊन शिव्या द्यायचे.

गाडी परत यायची ती धुऊनपुसून, टाकी भरून. मीटर मात्र जेमतेम शिराळ्याला जाऊन आल्याएवढंच पुढे सरकलेलं. बेणं मीटरची तार काढून ठेवतंय, हे सुभेदारांनी केव्हाच ताडलं होतं. मनात पाप नसेल तर माणूस टाकी कशाला भरून देईल?

आणि ते दोन दिवस! घर म्हणजे नुसती कोठडी. बनुबाई शेंगा फोडायला समोर बसवायची आणि लेहच्या बर्फाच्या गोष्टी सांगायला लावायची. त्याच त्या गोष्टी. या बाईला कंटाळा कसा येत नाही, याचंच सुभेदारांना नवल वाटे.

जैनुद्दीनने डोकं लढवलं. मधला दांडा नुसता शोभेचा ठेवला. खऱ्या गिअरला केबली जोडून एक आखूड दांडी सीट आणि दार यांच्या फटीत, उजव्या हाताला बसवली. गिअरचा क्रमही उलटा केला; पहिल्याच्या जागी चौथा. चारही चाकांना जोर लावायचा तर सीटखालची कडी ओढायची.

“शोभेचा गिअर टाकून बगा,” तो म्हणाला. “खट्‌ आवाज बी ठेवलाय. जावयाला वाटंल, पडला.”

सुभेदारांना अगदी भरून आलं.

या कामात आठवडाभर गाडी कुपवाडला अडकली होती. घरी त्यांनी क्लच गेल्याची थाप मारली होती. बनुबाई कुरकुरेल असं वाटलं होतं. पण बाई उलट भलतीच खुशीत. रोज ताटात काहीतरी गोडधोड. पंचमीला लेक माहेरी येणार म्हणून, दुसरं काय.

साताऱ्याला परतताना एका हॉटेलापुढे सुभेदार गाडी मागे घ्यायला गेले, ती पुढे जाऊन चहाच्या बाकड्याला भिडली. मालक धावत आला, पण सुभेदार खूश. आपलीच ही गत, तर जावयाची काय होईल!

पंचमीच्या आधी उदयसिंह लेकीला, शिवांजलीला, सोडायला एसटीने आले. चहा झाला.

“मामा, सणाला आमच्याकडं पावणेरावळे लय. दोन दिवस गाडी...”

“न्या की! तुमचीच हाय.”

इतक्या झटक्यात किल्ली हातात पडल्यावर उदयसिंह जरा बावचळले. बनुबाई पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली.

जीप सुरू झाली. गिअर खट्‌कन पडला. गाडी जागची हलली नाही. दुसरा टाकला, तिसरा टाकला. जीप नुसतीच गुरगुरत राहिली. सुभेदार ओट्यावर मिशीला पीळ देत उभे होते आणि त्यांच्या पोटात गुदगुल्या होत होत्या.

“काय व्हतंय, पावणं?”

“गिअर पडतोय मामा, पर गाडी जाईना.”

“जुनी झालीया. धन्याचा हात वळखती.”

त्यांनी जावयाला खाली उतरवलं, स्वतः बसले, उजवा हात हळूच फटीत सोडला आणि झोकात गल्लीला फेरी मारून जीप पुन्हा दारात आणून उभी केली.

“बगितलं? तुमच्या हाताला आता ही यायची न्हाई. कवाच.”

वर्षभराचा जळफळाट एका दमात निवला. उदयसिंहांनी रुमालाने मान पुसली. सासऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ दाराकडे वळून त्यांनी हात जोडले.

“मामी, माजा इलाज खुंटला. दर डावाला तुमी फोन केला की गाडी न्यायचो आनि आमच्या गोठ्यामागं झाकून ठेवायचो. आता मामांनी दोन दिस तुमच्याशी बोलत बसावं म्हणून दुसरं काय तरी शोधा.”