उपडं ताट

नरहर गुरुजींनी समोरचं स्टीलचं ताट उचललं आणि टेबलावर उपडं घातलं. झालं! सासरे जेवणार नाहीत, हे मुक्ताने ओळखलं.

पाडव्याची संध्याकाळ होती. दिवाळीत घरी चूल पेटवायचीच नाही, असं सगळ्या बनारसने ठरवलं असावं; सिगरा भागातल्या त्या हॉटेलात पाय ठेवायला जागा नव्हती. मुक्ताने आठ दिवस आधी टेबल सांगून ठेवलं होतं, तेही कांदा-लसूण न घालणारं हॉटेल शोधून. एवढा आटापिटा कशासाठी, तर एका पुरीसाठी.

त्याचं असं झालं. फराळाचं तळण चाललं होतं तेव्हा मुक्ताने सासूबाईंना सहज विचारलं, की दिवाळीत तुम्हाला काय हवं. शरदिनीबाई हसल्या. म्हणाल्या, दुसऱ्या कोणीतरी तळलेली गरम पुरी, कढईतून थेट माझ्या ताटात. थट्टेनेच म्हणाल्या, पण मुक्ताने ते मनावर घेतलं. घेणारच. दुर्गाघाटावरच्या त्या घरात एक्केचाळीस वर्षं सणावाराला गुरुजींचे पूजेचे यजमान जेवतात, आणि एक्केचाळीस वर्षं शरदिनीबाई कढईपाशी उभ्या. पहिली पंगत यजमानांची आणि गुरुजींची. ती उठली की नवऱ्याच्याच ताटात आपण वाढून घ्यायचं, हे त्यांना सासूने लग्नानंतरच्या पहिल्या पाडव्याला शिकवलं होतं. तोवर पुरी गार आणि चिवट. बाईंनी कधी तक्रार केली नाही. पण फुगलेली गरम पुरी कशी लागते, हे त्या पार विसरून गेल्या होत्या.

आणि गुरुजी? बाहेरच्या अन्नाला या माणसाने जन्मात हात लावला नाही. रामनगरला पूजा सांगायला जायचं तरी डबा घरचा. म्हणून मुलाने, आदित्यने, बाबांसाठी वरणभात झाकून ठेवायचं ठरवलं होतं. तर निघताना हे आपले उपरणं टाकून दारात उभे. मीही येतो म्हणाले. सकाळी बायकोने ओवाळलं तेव्हा तबकात ओवाळणी टाकली नव्हती त्यांनी. संध्याकाळी बघू, एवढंच पुटपुटले होते. आणि आता संध्याकाळी हे उपडं ताट!

आदित्यला राग आवरेना. जेवायचं नव्हतं तर आलात कशाला, असं तो दबक्या आवाजात म्हणालाच. गुरुजींनी उपडं ताट थोडं बाजूला सारलं.

तेवढ्यात पहिली पुरी आली. टम्म फुगलेली. वेटरने ती शरदिनीबाईंच्या ताटात टाकली आणि बाईंनी ती तशीच उचलून मुक्ताच्या ताटात ठेवली. दुसरी आदित्यला दिली. नवरा उपाशी बसलेला असताना त्यांच्या घशाखाली घास कसला उतरतोय? मग तर त्या उठल्याच. वेटरच्या हातातली टोपली घेतली आणि वाढायला लागल्या. सवय, दुसरं काय! शेजारच्या टेबलावर एक अनोळखी कुटुंब जेवत होतं, त्यांनाही "पूड़ी और लेंगे?" म्हणून विचारून आल्या. त्या बिचाऱ्यांनी दोन-दोन घेतल्याही. मुक्ताला हसावं की रडावं कळेना. एवढं करून आईंची पुरी याही वर्षी गारच होणार, याचं तिला फार वाईट वाटलं.

"शरदिनी," गुरुजी म्हणाले.

सुनेसमोर त्यांनी बायकोला नावाने कधी हाक मारली नव्हती. बाई टोपली धरून होत्या तिथेच थांबल्या.

"तू बस. आधी तू जेव."

"आणि तुम्ही?"

"माझं नंतर."

नंतर म्हणजे घरी, वरणभात. सगळ्यांनी तेच गृहीत धरलं. शरदिनीबाई बिचकत बसल्या. गुरुजींनी वेटरला बोलावून कढईतली पुरी आणायला सांगितलं. ती आली. बाईंनी बोटाने पापुद्रा फोडला, वाफेने बोट पोळलं आणि त्या लहान मुलीसारख्या हसल्या. मग कोहळ्याच्या भाजीबरोबर एक, खिरीबरोबर एक, आणि एक नुसतीच, पुरीची चव कळावी म्हणून. एक संपत आली की गुरुजी हात वर करून दुसरी मागवत होते. त्यांची नजर बायकोच्या ताटावरून हलत नव्हती. आदित्यचा राग कुठल्या कुठे गेला. मुक्ताने तर डोळे पुसले.

पाचवी पुरी मात्र अर्धीच खाऊन झाली. आता पुरे, म्हणत बाईंनी हात आवरला. खूप वेळ त्या तशाच समाधानाने बसून राहिल्या. अर्धी पुरी ताटात निवून गेली. वेटर ताट उचलायला आला, तशी गुरुजींनी त्यावर हात ठेवला.

"रहने दीजिए, भैया. अभी मुझे खाना है."

त्यांनी बायकोचं ताट आपल्यापुढे ओढलं. तळहातावर पाणी घेऊन ताटाभोवती फिरवलं, घरी रोज जेवणाआधी फिरवतात तसं. डोळे मिटले, उघडले. आदित्य बघतच राहिला.

शरदिनीबाईंनी घाबरून त्यांचं मनगट धरलं. "अहो, हे काय करताय? हॉटेलचं आहे. त्यात माझं उष्टं."

गुरुजींनी मनगट हळूच सोडवून घेतलं. गुरुजींच्या लक्षात आलं नसेल असं समजून वेटर म्हणाला की पुरी गार झालीय, दोन मिनिटांत गरम आणून देतो. गुरुजींनी मानेनेच नाही म्हटलं आणि त्या अर्ध्या पुरीचा तुकडा तोडला. चिवट झाली होती, चटकन तुटेना.

"गारच असू दे," ते शरदिनीबाईंकडे बघत म्हणाले. "एक्केचाळीस वर्षं मी गरमच खाल्लीय."