छत्तीस किलोमोल

ओवीसाठी मागचं स्थळ केमिकल इंजिनिअर म्हणून आलं आणि फिनेल विकणारं निघालं. तेव्हापासून तिचे बाबा, निवृत्त इंजिनिअर खांबेटे, पोह्यांआधी परीक्षा घेत.

“तासाला छत्तीस किलोमोल वायू जातोय. सेकंदाला किती मोल?”

“दहा,” आज बघायला आलेला शार्दूल क्षणात म्हणाला.

खांबेट्यांनी ओवीकडे पाहिलं. ती पंख्याकडे बघत होती. म्हणजे पेपर घरातूनच फुटला होता.

“आणि सत्तेचाळीस किलोमोल असेल तर?”

ओवीचा चेहरा उतरला. शार्दूलनं मोबाइलवर हिशेब केला. “सोळा कोटी ब्याण्णव लाख.” मग त्यानं जीभ चावली. “सॉरी काका, छत्तीसशे सेकंदांनी गुणलं. भागायचं होतं. तेरा.”

खांबेट्यांचा जीव भांड्यात पडला. नोकरीभर त्यांनीही आधी गुणलं होतं आणि मग भागलं होतं.

“पोहे आणा,” ते म्हणाले. “इंजिनिअर खरा आहे.”